काय हवे आहे, ते लिहायला बसल्यावर कळते

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्याला आता नऊ वर्षे झाली. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी गावातल्या वाचनालयाच्या ओसरीवर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. खरे सांगायचे तर त्यांच्याकडून लिहून घेतो. पैसे घेत नाही. अट एकच आहे, की पहिला मसुदा अर्जदाराने स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेला असावा, मग तो कितीही वेडावाकडा असो. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे. मी त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतो आणि त्याला वाचून दाखवतो. अलीकडे या अटीवर एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारणारे बहुतेक शिकलेले तरुण असतात: काका, मोबाइलला विषय सांगितला की मिनिटभरात सुंदर अर्ज तयार मिळतो, मग ही लिहिण्याची कटकट कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर ओसरीवर उभ्याउभ्या देता येण्याजोगे नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांसमोर ते मांडण्याची परवानगी मागतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या गावातील एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, चौथी शिकलेल्या. त्यांनी आणलेला अर्ज म्हणजे दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली फुलस्केपची चार पाने होती. वडील कधी वारले, थोरल्या भावाच्या लग्नात किती कर्ज झाले, विहिरीच्या पाळीवरून भावजय काय बोलली, बांधावरच्या आंब्याला कोणी कुऱ्हाड लावली, हे सगळे त्यात होते, आणि शेवटी ‘तरी मेहेरबान साहेबांनी गरिबावर दया करून न्याय द्यावा’ अशी विनंती होती. हा कागद कचेरीत गेला असता, तर त्यावर ‘कौटुंबिक वाद, दिवाणी न्यायालयात दाद मागावी’ असा शेरा पडून तो दप्तरी दाखल झाला असता. नोकरीत असताना मी स्वतः असे शेरे लिहिलेले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

मी त्यांना म्हणालो, ‘ताई, हा कागद वाचून साहेबांनी कोणते काम करावे, एवढेच एका ओळीत लिहा.’ त्या बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. मग लिहिले, ‘भावाने माझा हिस्सा खाल्ला.’ मी म्हटले, ही तक्रार झाली, यात साहेबांना काम कुठले सांगितले? तेव्हा लिहिले, ‘माझे नाव लावावे.’ कुठे लावावे? ‘सातबाऱ्याला.’ पूर्वी होते का? या प्रश्नावर त्या थांबल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला जुना हस्तलिखित उतारा काढला. वडिलांच्या मागे झालेल्या वारस नोंदीचा फेरफार क्रमांक त्यावर गोलात लिहिलेला होता, आणि दोन भावांच्या नावांखाली तिसरे नाव, किंचित बारीक अक्षरात पण स्वच्छ, त्यांचे होते. संगणकावरच्या उताऱ्यावर मात्र पहिली दोनच नावे उतरलेली होती.

म्हणजे वारस नोंद झालेली होती आणि मंजूरही झालेली होती. जुने दप्तर संगणकावर चढवताना एक नाव गळले होते. अशा चुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १५५ आहे, ज्याखाली अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. मंजूर झालेल्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचे तर तो मार्ग कलम २४७ चा, आणि हिस्स्याच्या वाटपाचा मार्ग त्याहून वेगळा. चार पानांत हे तिन्ही मार्ग एकमेकांत गुंतलेले होते. तासाभराने जो अर्ज तयार झाला तो सात ओळींचा होता: गट नंबर, फेरफार क्रमांक, जुन्या उताऱ्यावर काय आहे, नव्यावर काय नाही, आणि काय दुरुस्त करावे. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे यात भावाचा काही संबंधच नाही की.’ या एका गैरसमजापायी तीन वर्षे त्यांनी भावाच्या दारात पाऊल ठेवले नव्हते.

मोबाइलबद्दल विचारणाऱ्या तरुणांना मी हीच हकीकत सांगतो. त्या बाईंनी त्या यंत्राला ‘भावाने माझा हिस्सा खाल्ला, अर्ज लिहून दे’ असे सांगितले असते, तर शुद्ध, नम्र आणि मुद्देसूद भाषेत भावाविरुद्धचा अर्ज त्यांना मिळाला असता. कदाचित त्यात कलमेही असती. तो अर्ज चुकीचा आहे हे मग कोणाच्याच लक्षात आले नसते, कारण सुरेख लिहिलेल्या कागदावर कोणी शंका घेत नाही. चार पानांचा तो ओबडधोबड कागद निदान आपला गोंधळ झाकत तरी नव्हता, आणि गोंधळ दिसत होता म्हणूनच तो सोडवता आला. लिहिणे म्हणजे डोक्यात तयार असलेला विचार कागदावर उतरवणे, अशी आपली समजूत असते. माझा अनुभव असा आहे की डोक्यात बहुधा विचार नसतोच. राग असतो, भीती असते, आठवणी असतात, ऐकीव गोष्टी असतात. त्यांना कर्ता, कर्म आणि क्रियापद देण्याची वेळ येते तेव्हा कोण, काय, कधी आणि कोणाला या प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात, आणि आपल्याला काय माहीत नाही ते तेथे पहिल्यांदा उघडे पडते.

माहितीच्या अधिकाराच्या अर्जांत ही गोष्ट फार ठळकपणे दिसते. २००५ चा हा कायदा सामान्य माणसाच्या हातात आलेले मोठे साधन आहे. राज्य शासनाने २०१२ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले, की एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. नागरिकाच्या हक्काला अशी शब्दांची वेसण घालणे मला आजही पटलेले नाही, कारण थोडक्यात लिहिणे हे सर्वांत अवघड लिहिणे असते आणि ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याच्यावर त्याचा भार सर्वांत जास्त पडतो. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये, ज्याला लेखी विनंती करता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यासाठी जनमाहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी साहाय्य करावे, असे म्हटलेले आहे. हे साहाय्य मागायचे असते हेच फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. परंतु नियम आहे तोवर त्या १५० शब्दांत बसवावे लागते, आणि ते बसवताना काय घडते हे मी अनेकदा पाहिले आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा असाच अर्ज घेऊन आला होता. ‘आमच्या गावच्या रस्त्याचे काम इतके निकृष्ट का झाले, त्याला जबाबदार कोण आणि त्यांच्यावर काय कारवाई करणार?’ त्याचा संताप खोटा नव्हता, पहिल्याच पावसात त्या रस्त्याची खडी वर आलेली मीही पाहिली होती. पण कायद्याच्या भाषेत माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेले अभिलेख, दस्तऐवज, आदेश, अहवाल, नमुने वगैरे. अधिकाऱ्याने नवे मत बनवून द्यावे किंवा दप्तरात नसलेली माहिती तयार करावी, असे बंधन त्याच्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे ‘का’ असे विचारले की ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही’ असे उत्तर तयारच असते. मी त्याला म्हणालो, रस्ता चांगला की वाईट हे ज्या कागदांवरून ठरेल, ते कागद माग.

ते कोणते, हे त्याला माहीत नव्हते, आणि खरा अभ्यास तेथून सुरू झाला. काम मंजूर होताना अंदाजपत्रक होते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश दिला जातो, झालेले काम मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवले जाते, त्या नोंदीवर देयक निघते, आणि खडी-डांबराच्या चाचण्यांचे अहवाल स्वतंत्र असतात, हे सगळे त्याने विचारून, वाचून समजून घेतले. रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती, काम कोणत्या वर्षीचे, कोणत्या योजनेतले? फलक उखडलेला होता म्हणून तो मित्राला घेऊन टेप लावून स्वतः रस्ता मोजून आला. चौथ्या मसुद्यापर्यंत ‘निकृष्ट’ हा शब्द त्याने आपण होऊन काढून टाकला होता, कारण ते अजून ठरायचे होते. अर्ज ९० शब्दांच्या आत बसला आणि त्याला प्रती मिळाल्या. पुढे त्या प्रकरणाचे काय व्हायचे ते होईल. पण मोजमाप पुस्तिकेतील जाडीचा आकडा आणि रस्त्याच्या उखडलेल्या कडेला पट्टी लावून आलेला आकडा शेजारी शेजारी मांडून तो मुलगा ग्रामसभेत बोलला, तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता आणि तरीही सभा शांत होती.

आता कचेरीच्या बाजूनेही लिहिले पाहिजे, नाहीतर दोष फक्त अर्जदारांचा आहे असे वाटेल. सरकारी मराठी कठीण आहे अशी तक्रार नेहमी होते आणि तिचे खापर अवघड शब्दांवर फोडले जाते. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, पदनाम कोश झाला, शासन व्यवहार कोश झाला, आणि त्यामुळे राज्यकारभाराला मराठी शब्द मिळाले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. ‘अभिलेख’ हा शब्द सवयीने सोपा होतो. खरी अडचण वाक्यात आहे. ‘विषयांकित प्रकरणी संबंधितांनी विहित मुदतीत आवश्यक ती कागदपत्रे सादर न केल्यास उचित ती कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ अशा नोटिसा मी शेकड्यांनी लिहिल्या. यात संबंधित म्हणजे कोण, मुदत कोणत्या तारखेपर्यंत, कागद कोणते, आणि कार्यवाही म्हणजे दंड, की नोंद रद्द, की नुसते आणखी एक पत्र, यांपैकी एकही गोष्ट नाही. ‘करण्यात येईल’ म्हटले की करणाराही नाहीसा होतो. ही नोटीस ज्या म्हाताऱ्याच्या हातात पडते तो ती घेऊन चार दारे फिरतो, एजंटाला शंभर-दोनशे रुपये देतो, आणि अखेरीस चुकीचा कागद जोडतो.

असे का लिहिले जाते याचे उत्तर मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मिळाले. उन्हाळ्यात एका वाडीने टँकर मागितला होता आणि त्यावर टिपणी मी लिहायची होती. दीड पान लिहिले आणि शेवटी ‘वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार होऊन योग्य त्या आदेशास्तव सविनय सादर’ असे लिहून फाइल वर पाठवली. संध्याकाळी ती परत आली. समासात साहेबांनी तांबड्या शाईने एवढेच लिहिले होते: ‘टँकर द्यावा की देऊ नये?’ मी टिपणी पुन्हा वाचली आणि मला दरदरून घाम फुटला, कारण त्या वाडीतल्या विहिरीला पाणी किती आहे, माणसे किती, गुरे किती, पाण्याचा दुसरा उद्भव किती अंतरावर आहे, यांतले काहीच मला माहीत नव्हते आणि ते माहीत नाही हे ‘साकल्याने’ या शब्दाने माझ्यापासूनही लपवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन विहिरीत दोर सोडून पाहिला. नवी टिपणी अर्ध्या पानाची झाली, आणि तिच्या शेवटच्या ओळीत किती फेऱ्या लागतील याचा आकडा होता. ते साहेब आता हयात नाहीत, पण त्यानंतरच्या प्रत्येक टिपणीच्या समासात मला ती तांबडी ओळ दिसत आली.

मराठीत कारभाराचे स्वच्छ लिहिता येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले पत्र पाहावे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण बेताने वापरा, आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडू लागाल आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा त्यात एकेक पायरीने परिणाम दाखवत नेलेला आहे. पुढे आगीचा धोका आहे, आणि तोही ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ अशा मोघम भाषेत नाही. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री जळता राहिलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत तो सांगितलेला आहे. साडेतीनशे वर्षांनंतर वाचतानाही गवताच्या गंजीशेजारचा तो उंदीर डोळ्यांसमोर उभा राहतो. असे पत्र लिहिणाऱ्याने आणि लिहवून घेणाऱ्याने गंजीला आग कशी लागते याचा आधी विचार केलेला होता, म्हणून हुकूम वाचणाऱ्या साध्या शिपायाला काय करायचे आणि ते का करायचे, दोन्ही कळत होते.

शाळेबद्दल थोडेच लिहितो, कारण मी शिक्षक नाही. दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, त्यात पत्रलेखन आहे, सारांशलेखन आहे, आणि कागदावर हे अगदी योग्य आहे. प्रत्यक्षात माझ्या नातीने मागणीपत्राचा एक नमुना पाठ केलेला होता; रोपवाटिका असो वा पुस्तकांचे दुकान, फक्त वस्तूचे नाव बदलायचे. तिला मी विचारले, की हे पत्र मिळाल्यावर दुकानदाराला पुस्तके कुठे पाठवायची ते कळेल का? तिने पाहिले, तर शाळेचा पत्ता नमुन्यात होता तोच राहिला होता, दुसऱ्याच कोणत्या तरी गावाचा. यात मुलीची किंवा तिच्या बाईंची चूक मी मानत नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा मसुदा वाचून तो परत लिहायला लावणे एका शिक्षिकेला शक्य नाही, आणि पुनर्लेखनाला गुणही नाहीत. परंतु वर्षातून एक पत्र, फक्त एक, खऱ्या माणसाला लिहिलेले, तीनदा फिरवून लिहिलेले आणि खरोखर पाठवलेले असावे, एवढे तरी करता येईल. शाळेच्या नळाला पाणी का येत नाही हे ग्रामपंचायतीला विचारणारे पत्र, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का, आणि मिळालेले उत्तर वर्गाच्या भिंतीवर. आपल्या वाक्याने एखादी गोष्ट हलली हे पंधराव्या वर्षी ज्याने पाहिले, तो पुढे कोणाचा तयार नमुना सहसा उचलणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा इतरांप्रमाणे मलाही आनंद झाला आणि वाचनालयात आम्ही पेढे वाटले. त्यानंतर जुन्या ग्रंथांवर आणि संशोधनावर चर्चा होते आहे, ती व्हायलाच हवी. त्याच चर्चेत रोजच्या लिहिण्यालाही जागा मिळावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे: नोटीस, अर्ज, टिपणी, ग्रामसभेचे इतिवृत्त, सोसायटीच्या फलकावरची सूचना, दवाखान्यातल्या औषधाच्या पुडीवर लिहिलेल्या दोन ओळी.

म्हणून आपणांस एक विनंती करतो. आपल्या अंकात आठवड्यातून एकदा चार-पाच बोटे जागा द्यावी. तेथे वाचकांनी पाठवलेली एक प्रत्यक्षातील नोटीस किंवा जाहीर सूचना, कार्यालयाचे आणि व्यक्तीचे नाव गाळून, छापावी. आणि तिच्याशेजारी तीच सूचना कोणालाही समजेल अशा मराठीत लिहिलेली असावी, ज्यात कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि न केल्यास काय होईल, हे असेल. नव्याने लिहिताना जी माहिती मूळ सूचनेत सापडणार नाही, तेथे जागा रिकामी सोडावी. त्या रिकाम्या जागा संबंधित कार्यालयांना दिसल्या तरी पुष्कळ काम होईल. लिहून देण्यासाठी मी आणि माझ्यासारखे दोन निवृत्त सहकारी विनामोबदला तयार आहोत.

सुरुवातीसाठी पहिली नोटीस या पत्रासोबत जोडली आहे. ती मीच नोकरीत असताना लिहिलेली आहे. तिची प्रत परवा एका अर्जदाराच्या जुन्या कागदांत निघाली. शेजारी नवा मसुदा लिहिला आहे. त्यात तीन जागा रिकाम्या राहिल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा जिल्हा